परभणीत बसून खोल समुद्रातल्या गोगलगायीचं वर्गीकरण आणि नकाशा कसा करायचा

रात्री साडेनवाला भाचीचा फोन. बीएस्सी थर्ड इयर, झूलॉजी. "मामा, सरांनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या, सगळ्यांना गांडूळ-फुलपाखरू आलं अन् मला खोल समुद्रातली गोगलगाय, अल्विनिकोंका का काय म्हणतात, तिचं वर्गीकरण आणि वितरण, वीस पानं." मी म्हणलं बरंय, आपल्याला समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं आणि ही पोरगी समुद्राच्या तळाला निघाली. आपल्याकडं गोगलगाय म्हटलं की २०२२ चं खरीप आठवतं, लातूर-बीड-धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती आणि लोक बॅटरी घेऊन रात्री वेचत बसले होते. ही ती नव्हे.

पण तिच्याबरोबर तीन आठवडे बसलो आणि हे काम नेमकं कसं करायचं ते डोक्यात बसलं, म्हणून लिहून ठेवतोय. कुणाला दुसरा कुठलाही समुद्री जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आला असेल तरी हाच रस्ता चालतो.

आधी नाव नीट टाईप करायला शिका, हसू नका, भाचीचे पहिले दोन दिवस ह्यातच गेले. ऑल्विन नावाची अमेरिकन पाणबुडी आहे, १९६४ पासून कामाला, वूड्स होल ही तिकडची समुद्रसंशोधन संस्था चालवते. त्या ऑल्विनचं नाव आणि पुढं कोंका म्हणजे शंख, अशी ही जोडी. स्पेलिंग ए एल व्ही आय एन आय, मग सी ओ एन सी एच ए. एक अक्षर चुकलं की सर्चमध्ये काहीच येत नाही, मग वाटतं माहितीच नाही जगात.

मग वर्म्स नावाची साईट उघडा, समुद्री प्राण्यांच्या नावांचा जागतिक रजिस्टर आहे तो, फुकट. तिथं जीनसचं पान काढलं की वरपासून खालपर्यंत उतरंड दिसते, मोलस्का, गॅस्ट्रोपोडा, सीनोगॅस्ट्रोपोडा, पुढं सुपरफॅमिली अॅबिसोक्रायसॉइडिया. इथपर्यंत बिनधास्त उतरवून घ्या. फॅमिलीच्या रकान्याला मात्र थांबा. जुन्या पेपरांत प्रोव्हॅनिडी लिहिलेलं सापडेल, पुढं त्या फॅमिलीच्या हद्दी सरकल्या आणि बरेच जण आता नुसती सुपरफॅमिली लिहून पुढं जातात. तुम्ही प्रोजेक्टमध्ये कुठल्या तारखेला कुठं काय बघितलं ते लिहा, "वर्म्सवर अमुक तारखेला असं होतं" एवढं पुरे. वर्गीकरण म्हणजे सातबारा नाही एकदा नाव चढलं की पिढ्यानपिढ्या तसंच राहायला, आणि खरं सांगायचं तर सातबाराही तसा राहत नाही.

नावापुढचा माणूस आणि साल सोडून देऊ नका. ओकुतानी आणि ओहता, १९८८, हे ह्या जीनसचे मूळ कर्ते. आता एक बारीक गोष्ट, कंसाची. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत गोदावरीतली ती हिरवट गोगलगाय असते ना, बेल्लम्या बेंगालेन्सिस, तिच्यापुढं लामार्क १८२२ हे कंसात लिहितात, कारण लामार्कनं तिला पॅल्युडिना ह्या जीनसमध्ये टाकली होती, नंतर लोकांनी हलवली. (आता तर बऱ्याच ठिकाणी ती फिलोपॅल्युडिना झालीय, पण प्रॅक्टिकलची वही काही बदलत नाही.) अल्विनिकोंकाच्या जातींना कंस नाही कारण त्या पहिल्यापासून ह्याच जीनसमध्ये वर्णन झाल्यात. भाचीनं सगळ्यांना कंस घातले होते, छान दिसतात म्हणून. काढायला लावले.

तर जाती सहा. हेस्लेरी ही पहिली, १९८८ ची, हीच टाईप स्पीशीज म्हणजे जीनसचं नाव हिच्या खुंट्याला बांधलेलं. मग जवळपास पंचवीस वर्षं काही नाही, आणि २०१४ च्या आसपास एकदम पाच, कोजिमाई, बुशेटी, स्ट्रम्मेरी, अडामांटिस ह्या चार एकाच पेपरमध्ये आणि मॅरिसइंडिका ओकुतानींच्या नावावर. ह्या चौघींच्या पुढं कुठं २०१४ दिसेल कुठं २०१५, घाबरायचं नाही, पेपर आधी ऑनलाईन आला आणि अंक नंतर छापला त्याचा घोळ आहे. एक साल धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, तक्त्यात एक आणि नकाशाखाली दुसरं असं झालं की परीक्षकाला आयतं सापडतं.

नावांच्या मागच्या गोष्टी लिहाच, वाचणाऱ्याला तेवढाच विसावा. हेस्लेरी हे रॉबर्ट हेस्लर ह्या खोल समुद्राच्या अभ्यासकावरून, बुशेटी हे पॅरिसच्या म्युझियममधले फिलिप बुशे ह्यांच्यावरून, मॅरिसइंडिका म्हणजे हिंदी महासागराची. आणि स्ट्रम्मेरी हे द क्लॅश नावाच्या इंग्लिश पंक बँडच्या जो स्ट्रमरवरून, कारण शंखावर उभे काटेरी केस आणि राहायला गरम, आंबट, जहाल पाणी, म्हणजे पंकच. भाचीनं तो बँड ऐकला, म्हणाली डोकं दुखलं.

केस खरंच असतात. शंख पातळ, सहासात सेंटिमीटरच्या आसपास, आणि वरच्या चामडीसारख्या थराला, ज्याला पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात, त्याला ओळीनं राठ केस फुटलेले. फोटो मोठा करून बघा, नारळ सोलताना शेंडीकडं जे राठ धागे राहतात ना, तसं दिसतं.

आता ह्या सगळ्या कामातली खरी गोम. ह्या सहा जाती शंखावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणजे खात्रीनं येत नाहीत, आकार-केस-रंग सगळं एकमेकीत मिसळतं. त्या वेगळ्या काढल्या डीएनएवरून, मुख्यतः सीओआय ह्या जीनवरून. पिला ग्लोबोसा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय ट्रेमध्ये ठेवून आपण शंख बघून आकृती काढतो आणि नाव लिहितो, ती सवय इथं उपयोगाची नाही. आणि ह्याचा थेट परिणाम वितरणावर होतो, कारण २०१४ च्या आधीच्या पेपरांत लोकांनी ह्या गोगलगायींना कुठं नुसतं अल्विनिकोंका एसपी लिहिलंय, कुठं टाइप १, टाइप २, कुठं लाऊ टाइप, कुठं सरळ हेस्लेरी. तुम्ही ते सगळं जसंच्या तसं नकाशावर टाकलं तर हेस्लेरी अर्ध्या जगात राहते असं दिसतं, आणि ती खरी तर फक्त पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना ट्रफ ह्या खोलगट भागात राहते.

म्हणून तक्ता करताना जात, ठिकाण, खोली, अक्षांश-रेखांश, साल हे रकाने सगळेच करतात, तुम्ही एक जास्तीचा करा, "ओळख कशावरून". त्यात डीएनए, किंवा शंख, किंवा माहीत नाही, एवढंच लिहायचं. भाचीच्या पहिल्या यादीत त्या रकान्यात "माहीत नाही" इतक्या वेळा आलं की ती रडकुंडीला आली. मी म्हणलं अगं हाच तर तुझा प्रोजेक्ट आहे, हे बाकीच्यांच्या वहीत नसतं. टाइप १ वगैरे जुन्या नावांचं आजचं नाव कुठलं, हे स्वतः अंदाजानं ठरवू नका, त्या चार जाती ज्या पेपरमध्ये वर्णन केल्यात त्यातच जुनी नावं जुळवून दिलीत, तिथून घ्या. ज्याची जुळवणी होत नाही ती नोंद जीनसपर्यंतच ठेवा, जातीचं नाव चिकटवू नका.

नोंदी कुठून काढायच्या? जीबीआयएफ, कुठला जीव कुठं सापडला ह्याच्या जगभरच्या नोंदींची साईट. अकाऊंट काढा, जीनस टाका, डाऊनलोड मारा, फाईल येते आणि तिच्याबरोबर एक डीओआय नंबर, म्हणजे त्या फाईलचा कायमचा ओळख क्रमांक, येतो, तो आत्ताच वहीत लिहा, नंतर सापडत नाही. ओबिस म्हणून दुसरी समुद्रासाठीची साईट आहे, तिथूनही काढा पण मग दोन्हीकडं एकच नोंद डबल आलेली असते, कॅटलॉग नंबर बघून एक उडवा. व्हेंटच्या जागा नेमक्या कुठं हे ताडून बघायला इंटररिज ह्या संस्थेचा जगभरच्या व्हेंट फील्डचा डेटाबेस आहे, त्यात नाव, खोली, अक्षांश-रेखांश सगळं मिळतं. व्हेंट म्हणजे समुद्रतळाला पडलेल्या भेगांतून तापलेलं, गंधकाचं, धातूंचं पाणी वर येतं त्या जागा. ही गोगलगाय राहते ती तिथंच, त्या कोमट फवाऱ्याच्या अंगाला.

आता आकडे. पेपरात असतं २५ अंश १९ मिनिटं दक्षिण, ७० अंश ०२ मिनिटं पूर्व. हे कैरेई व्हेंट फील्ड, हिंदी महासागरात सापडलेलं पहिलं व्हेंट, २००० साली जपान्यांच्या काइको ह्या रोबोटनं शोधलं, खोली साधारण २,४०० मीटर. क्यूजीआयएस ह्या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं तर मिनिटांना ६० नं भागायचं, १९ भागिले ६० म्हणजे ०.३१६७, म्हणून २५.३१६७, आणि दक्षिण आहे म्हणून पुढं उणे. पूर्वेकडचा आकडा ७०.०३३३, तो अधिक.

भाचीनं उणे विसरलं. ठिपका पडला थरच्या वाळवंटात. "मामा, गोगलगाय वाळूत गेली." मग तिनं घाईघाईनं उणे टाकलं पण एक्सच्या जागी अक्षांश आणि वायच्या जागी रेखांश टाकले, आता ठिपका ग्रीनलंडात. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, आपल्या तोंडात मात्र अक्षांश आधी येतो म्हणून ही चूक प्रत्येकाची होते, एकदा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनला चिकटवा. प्रोजेक्शन विचारलं तर ईपीएसजी ४३२६. समुद्रतळाचं चित्र मागं पाहिजे असेल तर गेब्कोचं ग्रिड फुकट मिळतं, फाईल जड आहे, सगळं जग उतरवू नका, लागेल तेवढी चौकट कापून घ्या, नाहीतर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवस जातो आणि डेटा संपतो तो वेगळाच.

दुसरी अडचण पॅसिफिकची, आणि ही कुठल्याच नोट्समध्ये नव्हती. लाऊ बेसिन टोंगाच्या पश्चिमेला, साधारण १७६ अंश पश्चिम रेखांशावर. नॉर्थ फिजी बेसिन साधारण १७३ अंश पूर्वेला. प्रत्यक्षात दोन्ही शेजारी शेजारी, पण आपला शाळेतला नकाशा १८० वर कापलेला असतो, त्यामुळं फिजीचे ठिपके उजव्या टोकाला आणि लाऊचे डाव्या टोकाला, मध्ये अख्खं जग. बघणाऱ्याला वाटतं ही जात दोन वेगळ्या महासागरांत आहे. उपाय, नकाशाचा मध्य १२० अंश पूर्वेला घ्या, म्हणजे अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रिजपासून (रिज म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग) टोंगापर्यंत सगळं एकाच चौकटीत येतं. असं केलं की देशांच्या सीमांची एखादी रेघ नकाशाभर आडवी ओढलेली दिसते, ती लेयरच काढून टाका, समुद्राच्या तळाला देशांच्या सीमा कशाला लागतात.

ठिपके नीट पडले की वितरण आपोआप वाचता येतं. वर मारियाना, तिथं दोन जाती, पण एका घरात नाहीत. हेस्लेरी ट्रफमध्ये, साडेतीन हजार मीटरच्या पुढंमागं, आणि अडामांटिस जवळच्याच आर्कवरच्या, म्हणजे कमानीसारख्या रांगेतल्या, ज्वालामुखींवर, काही शे मीटरवर. नकाशावर वरून बघितलं तर शेजारी वाटतात, खाली-वर बघितलं तर तीन किलोमीटरचा फरक. म्हणून म्हणतो खोलीचा आकडा ठिपक्याच्या बाजूला लिहा, नुसता अक्षांश-रेखांश समुद्रात अर्धीच गोष्ट सांगतो. नैऋत्य पॅसिफिकमध्ये मानुस बेसिन, नॉर्थ फिजी, फुटुना, लाऊ, इथं कोजिमाई आणि बुशेटी, आणि स्ट्रम्मेरी लाऊ-फुटुनाच्या बाजूला. आणि आपल्याकडं, म्हणजे हिंदी महासागरात, एकटी मॅरिसइंडिका, सेंट्रल इंडियन रिजवर कैरेई, एडमंड, सॉलिटेअर, डोडो ह्या फील्डवर आणि वर अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रिजवर वोकान इथं.

लाऊ बेसिनवर थोडं जास्त लिहा, कारण तिथं तिन्ही जाती एकाच खोऱ्यात सापडतात आणि तरी मिसळून समान राहत नाहीत. ह्या गोगलगायी स्वतः फारसं खातच नाहीत, पचनाची नळी आक्रसलेली असते, कल्ल्यांत जिवाणू पाळलेले असतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन वापरून अन्न तयार करतात. बुशेटीचे जिवाणू एका गटाचे, कॅम्पिलोबॅक्टेरोटा, आणि कोजिमाई-स्ट्रम्मेरीचे बहुतेक गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया. खोऱ्याच्या उत्तरेला किलो मोआना, २,६०० मीटरच्या आसपास, तिथल्या पाण्यात हायड्रोजन आणि सल्फाइड जास्त, तिथं बुशेटीचं राज्य. दक्षिणेला तुई मलिला, १,९०० च्या आसपास, पाणी त्या मानानं सौम्य, तिथं बाकीच्या दोघी. म्हणजे ज्याच्या घरी जसा स्वयंपाकी तशी त्याची वस्ती. भाचीला हे वाक्य आवडलं, मी म्हणलं प्रोजेक्टमध्ये लिहू नको, तोंडी सांग.

वितरण लिहिताना पट्टा रंगवू नका. सोयाबीनचा जिल्हा रंगवतो तसा अख्खा रिज रंगवला की चूकच, दोन व्हेंटच्या मध्ये शेकडो किलोमीटर थंड, काळा, उघडा खडक असतो आणि तिथं ही जगू शकत नाही. ठिपकेच ठेवा. आणि जिथं ठिपका नाही तिथं "आढळत नाही" असंही लिहू नका, तिथं कुणी कधी पाणबुडी उतरवली होती का हे आधी बघा. बघितलेलं नसेल तर "नोंद नाही" लिहा, दोन्हीत फरक आहे.

प्रस्तावनेत आपल्या मातीशी जोडायचं असेल तर ओढूनताणून काही आणायची गरज नाही. विहीर खणताना मुरूम संपला की जो काळा पाषाण लागतो, सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही तो, तो बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच सुमारास भारत आणि सेशेल्स अलग व्हायला लागले आणि मधल्या फटीत कार्ल्सबर्ग रिज उघडला. मॅरिसइंडिका ज्या खडकाला चिकटून बसते तोही बेसॉल्टच, फक्त ताजा. भाचीनं घरामागच्या विहिरीच्या ढिगातला दगड फोटो काढून पहिल्या पानावर लावला, मला आधी पोरकट वाटलं, पण पान चांगलं दिसलं.

धोक्याबद्दल एक परिच्छेद मागतातच. व्हेंटजवळ धातूंचे सल्फाइड साठतात आणि त्यासाठी खाणकामाच्या चाचपण्या चालू आहेत, भारतानंही २०१६ साली सेंट्रल आणि साउथवेस्ट इंडियन रिजवर १०,००० चौरस किलोमीटरसाठी शोधाचा करार केलाय, शोधाचा, खणण्याचा नाही, हा शब्द नीट वापरा. हेस्लेरी आययूसीएनच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत व्हल्नरेबल आहे. कैरेईलाही राहणारी ती लोखंडी खवल्यांची गोगलगाय, क्रायसोमॅलन, ती २०१९ ला एन्डेंजर्ड झाली. पुष्कळ जण फोटो तिचा लावतात आणि खाली नाव अल्विनिकोंका लिहितात. पायाला खवले दिसले की ती क्रायसोमॅलन, शंखाला केस दिसले की आपली. दोघींचा जवळचा नातेसंबंध नाही, उतरंड वेगळी.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "बाई, ही औषधाला मरते का?" सगळे हसले. तिनं सांगितलं की ही सोयाबीनही खात नाही, हिच्या कल्ल्यातले जिवाणू हिला पोसतात, मग त्यांनी पुढचे दोन प्रश्न त्यावरच विचारले. त्या "ओळख कशावरून" रकान्यावर मात्र कुणी काही बोललं नाही, त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

शेवटचं, प्रिंटचं. सहा जातींना सहा रंग दिले होते, स्क्रीनवर झकास. कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंटचे पैसे ऐकून तिनं ब्लॅक अँड व्हाईट काढली, आणि सहाही जाती एकाच राखाडी रंगाच्या झाल्या. रात्री परत बसलो. हेस्लेरीला गोल, अडामांटिसला पोकळ गोल, कोजिमाईला त्रिकोण, बुशेटीला चौकोन, स्ट्रम्मेरीला चांदणी, मॅरिसइंडिकाला फुली, आणि ज्या नोंदी जीनसपर्यंतच थांबल्या त्यांना प्रश्नचिन्ह. क्यूजीआयएसमध्ये लेयरवर डबल क्लिक करून सिम्बॉलॉजीत कॅटेगराइज्ड निवडायचं, रकाना जातीचा द्यायचा, मग एकेका खुणेवर क्लिक करून आकार बदलायचा. लाऊ बेसिनमध्ये खुणा एकमेकांवर चढतात, तेवढा तुकडा मोठा करून कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत टाका.